संघातून बाहेर पडावं का? ब्रेक्झिटनंतरचे व्यवहारी प्रश्न

कलमदान (धागाकर्ता)

ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यावर, भावनेच्या अंगाने बरंच लिहून झालंय. हा धागा व्यवहारासाठी काढतोय. देश मोठ्या राजकीय-आर्थिक संघातून बाहेर पडतो तेव्हा काय सुटतं, काय नव्याने उभं करावं लागतं, आणि ते पाहता असा निर्णय कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये?

माझं मत आधीच मांडतो. २३ जून २०१६ च्या ब्रिटिश सार्वमताच्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, राहायचं की सोडायचं. सोडायच्या बाजूने ५१.८९ टक्के मतं पडली, मतदान ७२ टक्क्यांच्या वर झालं. कौल खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण सोडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेने विचारलंच नाही. आणि जायच्या जागा एकमेकींपासून फार लांब आहेत.

नॉर्वे युरोपच्या एकल बाजारात आहे, सीमाशुल्क संघात (आपसात शुल्क नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क) नाही. म्हणजे माणसं, सेवा, भांडवल मोकळं फिरतं, त्यासाठी वर्गणी भरावी लागते, बाजाराचे युरोपीय कायदे स्वीकारावे लागतात, ते करताना मत मात्र देता येत नाही. आणि एवढं करूनही स्वीडनच्या हद्दीवर मालाचं कस्टम्स डिक्लेरेशन भरावंच लागतं. तुर्कस्तानचं बरोबर उलट: १९९५ च्या अखेरीपासून औद्योगिक मालापुरता तो सीमाशुल्क संघात आहे. युरोपने तिसऱ्या देशाशी व्यापार करार केला की त्या देशाचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात शिरतो, पण तुर्की मालाला त्या देशात आपोआप सवलत मिळत नाही. तिथे तुर्कस्तानला वेगळी बोलणी करावी लागतात, आणि समोरच्याला ती करायची घाई नसते. स्वित्झर्लंडने १९९२ मध्ये निसटत्या बहुमताने नॉर्वेचा रस्ता नाकारला आणि शंभराहून जास्त द्विपक्षीय करारांचं जाळं विणलं. त्यातल्या पहिल्या सात करारांना अशी पाचर मारलेली आहे की एक मोडला तर सातही रद्द. मग कॅनडाच्या धर्तीचा मुक्त व्यापार करार. आणि काहीच जमलं नाही तर जागतिक व्यापार संघटनेचे सर्वसाधारण दर.

हे सगळे ‘सोडा’मध्ये बसत होते. म्हणून २७ मार्च २०१९ ला कॉमन्समध्ये (ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) आठ पर्याय मतास टाकले तर आठही पडले. १ एप्रिलला पुन्हा चार टाकले, तेही पडले. त्यातला सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव २७६ विरुद्ध २७३, म्हणजे तीन मतांनी गेला. ब्रिटनचा पुढचा सगळा व्यापार त्या तीन मतांच्या अलीकडे-पलीकडे होता.

तेव्हा माझ्या मते ‘बाहेर पडावं का’ हा प्रश्न मुक्कामाचं नाव घातल्याशिवाय विचारूच नये. जाणकारांनी भर घालावी.

जकातनाका

मुक्कामाच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. मालाच्या बाजूने भर घालतो, कारण ‘शून्य शुल्क, शून्य कोटा’ (आयातशुल्क नाही, प्रमाणावर मर्यादा नाही) या चार शब्दांनी फार गैरसमज पसरवलाय. २४ डिसेंबर २०२० ला ठरलेल्या व्यापार करारात शुल्क शून्य आहे हे खरं. पण ते आपोआप लागत नाही, सिद्ध करावं लागतं.

इंग्लंडातून फ्रान्सला चीज जातंय असं धरा. निर्यातदाराला इओरी क्रमांक (सीमाशुल्क खात्यातला नोंदणी क्रमांक) लागतो. मालाचा कमोडिटी कोड ठरवायचा, निर्यात डिक्लेरेशन भरायचं. प्राणिजन्य पदार्थ म्हणून एक्सपोर्ट हेल्थ सर्टिफिकेट हवं, त्यावर अधिकृत पशुवैद्याची सही. ही सही आणि शिक्का छपाईच्या शाईपेक्षा वेगळ्या रंगात असला पाहिजे. काळ्या छपाईवर काळ्या पेनाने सही केली एवढ्या कारणावरूनही माल अडू शकतो. सर्टिफिकेट त्या देशाच्या भाषेतही लागतं. माल पोचण्याआधी ट्रेसेस या युरोपीय प्रणालीवर आगाऊ सूचना द्यायची, ती आयातदाराच्या बाजूने. फ्रेंच आयात डिक्लेरेशनचा बारकोड ट्रकच्या नंबरप्लेटशी जोडला जातो आणि पलीकडे उतरताना ट्रकला हिरवी किंवा नारिंगी रांग मिळते. नारिंगी म्हणजे तपासणी नाक्यावर.

पूर्ण ट्रक एकाच मालाचा असेल तर हे सगळं बसवता येतं, मोठ्या कंपन्यांनी बसवलंही. घोडं अडतं ते ग्रुपेजमध्ये. एका ट्रकमध्ये दहा छोट्या उत्पादकांचे पॅलेट, दहांची वेगवेगळी कागदपत्रं. एकाचा बॅच नंबर सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळला नाही की दहाही थांबतात आणि नाशवंत मालाचं आयुष्य तिथेच संपायला लागतं. त्यामुळे वाहतूकदार असा मिश्र माल घ्यायलाच तयार नसतात. पशुवैद्याची फी दोन पॅलेटला आणि वीस पॅलेटला जवळपास सारखीच, त्यामुळे छोट्याचा नफा तिथेच जातो. छोट्या निर्यातदारांनी युरोप का सोडला याचं उत्तर शुल्काच्या तक्त्यात शोधून मिळणार नाही, ते इथे आहे.

टाचण

शंका. हे सगळं अन्नपदार्थांचं झालं. कपडे, यंत्रं यांना पशुवैद्य लागत नाही. मग तिथे शून्य शुल्क सरळ मिळतं ना?

जकातनाका

@टाचण, नाही. तिथे रूल्स ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मूळचा कुठला हे ठरवणारे नियम, आडवे येतात. शून्य शुल्क ‘ब्रिटनमधून आलेल्या’ मालाला नाही, ‘ब्रिटिश मूळ असलेल्या’ मालाला आहे.

नेहमीचं उदाहरण बांगलादेशी शर्टाचं. ब्रिटन विकसनशील देशांना सवलत देतं, म्हणून तो शर्ट ब्रिटनमध्ये विनाशुल्क येतो. गोदामात घडी बदलली, किमतीचं लेबल लावलं, डब्लिनच्या दुकानात पाठवला. एवढ्याने तो ब्रिटिश होत नाही. आयर्लंडमध्ये शिरताना त्यावर कपड्यांचं सर्वसाधारण १२ टक्के शुल्क. युरोपही बांगलादेशला सवलत देतो, पण माल ब्रिटनच्या बाजारात मोकळा झाला की ती सवलत तुटते. वाचायचं असेल तर माल बाँडेड गोदामात सीमाशुल्काच्या देखरेखीखाली ठेवायचा आणि ट्रान्झिटवर पुढे न्यायचा, नाहीतर युरोपसाठीचा साठा युरोपातच ठेवायचा. बऱ्याच किरकोळ विक्रेत्यांनी दुसरा मार्ग धरला. म्हणजे गोदाम गेलं, त्याबरोबर गोदामातल्या नोकऱ्या गेल्या.

मोटारींचा नियम: किमतीच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग बाहेरचे नकोत. ब्रिटन आणि युरोपीय संघ दोघांचे भाग ‘आतले’ धरले जातात, ही मोठी सवलत. विजेच्या गाड्यांची बॅटरीच बहुतेकदा आशियातून येते आणि गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा तीच असते. म्हणून तिथे ६० टक्क्यांची तात्पुरती सूट होती. ती २०२३ अखेर आखडायची होती, मुदत गळ्याशी आल्यावर दोन्ही बाजूंनी २०२६ अखेरपर्यंत वाढवली. नियमात न बसलेल्या गाडीवर १० टक्के शुल्क.

आणखी एक, कारण यावर फारसं कुणी बोलत नाही. जागतिक व्यापार संघटनेत युरोपचे सवलतीच्या आयातीचे कोटे एकत्र नोंदलेले होते. न्यूझीलंडच्या मेंढीच्या मांसाचा २,२८,००० टनांचा कोटा ब्रिटन आणि युरोपने आपसात जवळपास निम्मा-निम्मा वाटून घेतला. न्यूझीलंडने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. आधी भाव कुठे बरा आहे ते पाहून माल कुठेही वळवता यायचा, आता दोन वेगळी कुलपं. संघ सोडणाऱ्याला अशी वाटणी ज्यांचा भांडणाशी संबंध नाही त्यांच्याशीही करावी लागते.

अपक्ष

माहिती उत्तम, पण धागा एका बाजूला झुकतोय म्हणून लिहितो.

कस्टम्सचे कागद ही बाहेर पडण्याची किंमत आहे. ती देऊन काय घेतलं, तेही मांडायला हवं. संघात बहुतेक कायदे पात्र बहुमताने होतात: ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. तुमची संसद विरोधात असली तरी कायदा लागू होतो आणि तुमच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरतो. ज्याला हे मान्य नाही त्याला आर्थिक तोटा दाखवून गप्प करता येत नाही. तो पैशापेक्षा वेगळी गोष्ट मागतोय.

आणि घेतलेल्या गोष्टी कागदावरच्या नाहीत. इंग्लंडने शेतीचं अनुदान जमिनीच्या क्षेत्रफळावरून काढून पर्यावरणाच्या कामाला जोडायला सुरुवात केली. युरोपच्या समान कृषी धोरणात राहून इतकं मुळापासून करता आलं नसतं. २०२३ मध्ये जनुक-संपादित पिकांसाठी इंग्लंडने वेगळा कायदा केला. २०२४ मध्ये कत्तलीसाठी जिवंत जनावरं निर्यात करायला बंदी घातली. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवली तेव्हा ब्रिटनवर मूळ दर १० टक्के आणि युरोपीय संघावर १५ टक्के असा फरक पडला. २४ जुलै २०२५ ला भारताशी करार झाला: स्कॉच व्हिस्कीवरचं भारतीय शुल्क १५० वरून ७५ वर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर. सीमाशुल्क संघात राहून यातल्या शेवटच्या दोन गोष्टी शक्य नव्हत्या. तीन मतांनी पडलेला तो प्रस्ताव पास झाला असता, तर ब्रिटन आज धागाकर्त्याने वर्णन केलेल्या तुर्कस्तानच्या जागी असतं.

मुख्य म्हणजे जबाबदारी. आता कायदा वाईट असेल तर मंत्र्याला ब्रुसेल्सकडे (संघाच्या मुख्यालयाकडे) बोट दाखवता येत नाही. लोकशाहीत याला किंमत आहे.

चिकित्सक

@अपक्ष, तुमचा पहिला परिच्छेद मला मान्य आहे. सार्वभौमत्वाची मागणी पैशाने खोडता येत नाही. पण फायद्यांची मापं नीट घ्यायला हवीत.

ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचं गृहीतक असं की दीर्घकाळात उत्पादकता, संघात राहिलो असतो त्यापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी कमी. हे गृहीतक आहे, मोजलेली घट नाही. न घडलेल्या ब्रिटनशी तुलना करावी लागते आणि मध्ये कोविड, ऊर्जासंकट येऊन गेलंय. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. पॅसिफिक देशांच्या व्यापार गटात ब्रिटन डिसेंबर २०२४ मध्ये सामील झालं. त्याचा दीर्घकालीन लाभ सरकारच्याच अंदाजाने सकल उत्पादनाच्या ०.१ टक्क्याच्याही खाली आहे. कारण भूगोल. डोव्हरहून ३३ किलोमीटरवर असलेल्या बाजाराची भरपाई दहा हजार किलोमीटरवरचा बाजार करत नाही.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच मांडतो: सेवांची निर्यात भीती होती तेवढी पडली नाही. वित्तीय कंपन्यांचा पासपोर्ट (एका परवान्यावर सगळ्या संघात धंदा करण्याचा हक्क) गेला, काही व्यवहार ॲमस्टरडॅम, पॅरिस, डब्लिनकडे सरकले. तरी सल्लागारी, कायदा, सॉफ्टवेअर तगले. मार बसला तो मुख्यतः मालाला, त्यातही छोट्या उत्पादकांना.

नियमांच्या स्वातंत्र्याचंही तसंच. माल नियमांत बसतो हे दाखवणाऱ्या युरोपच्या सीई खुणेऐवजी ब्रिटनने स्वतःची यूकेसीए खूण आणली. कारखानदारांना तोच माल दोनदा तपासून घ्यावा लागणार होता. मुदती पुढे ढकलत शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक वस्तूंसाठी सीई खूण बेमुदत चालेल असं जाहीर झालं. वेगळा नियम करण्याचा हक्क मिळाला, पण शेजारचा बाजार मोठा असेल तर तो वापरणं परवडत नाही. उत्तर समुद्रातल्या सँडईल या छोट्या माशांच्या मासेमारीवर ब्रिटनने २०२४ मध्ये बंदी घातली तर युरोपने करारातल्या लवादाकडे धाव घेतली आणि इंग्लंडच्या पाण्यातली बंदी ठरवताना मासेमारीच्या हक्काचा पुरेसा विचार केला नाही असा निकाल आला. करार केला की बांधिलकी येतेच, फक्त तिचं दार बदलतं.

आणि ब्रेक्झिटमुळे कोविडची लस लवकर मिळाली, हा दाखला अजून कुणी दिला नाही, पण येईलच: २ डिसेंबर २०२० ला ब्रिटनने फायझरला परवानगी दिली तेव्हा संक्रमणकाळ चालू होता आणि युरोपीय कायदा लागू होता. आणीबाणीच्या परवानगीची ती तरतूद सदस्य देशांनाही खुली होती.

दर्यावर्दी

आयर्लंडशिवाय ही चर्चा अपुरी राहील. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यात सुमारे ५०० किलोमीटरची हद्द आहे. १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारानंतर तिथले पहारे हटले, लोक रोज ओलांडतात, काही शेतं दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. ब्रिटनला तीन गोष्टी हव्या होत्या: त्या हद्दीवर तपासणी नको, उत्तर आयर्लंड आणि ग्रेट ब्रिटन यांच्यात समुद्रात तपासणी नको, आणि संपूर्ण ब्रिटन एकल बाजार व सीमाशुल्क संघाच्या बाहेर. यातल्या कुठल्याही दोन जमतात, तिसरी सोडावीच लागते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी तिसरी पातळ करायचा प्रयत्न केला आणि त्यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दुसरी सोडली.

मग बेलफास्टच्या दुकानात जाणारं स्कॉटलंडचं सॅंडविचही जणू परदेशी माल झालं. २०२३ च्या विंडसर चौकटीने (ब्रिटन आणि युरोपीय संघातला समझोता) त्याला हिरवी मार्गिका दिली: नोंदणीकृत व्यापारी, कमी कागद, आणि अन्नाच्या पाकिटावर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असं लेबल. बागायतीची रोपं, पार्सलं यांचे तंटे नंतरही चालू राहिले. या व्यवस्थेला उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाची संमती ठरावीक काळाने घ्यावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये ती ४८ विरुद्ध ३६ अशी मिळाली, युनियनिस्ट (ब्रिटनसोबतच राहू इच्छिणारे) पक्ष विरोधात गेले.

मासेमारीचं थोडक्यात: युरोपच्या वाट्यातला मूल्याने २५ टक्के कोटा साडेपाच वर्षांत ब्रिटनकडे यायचा होता. पण पकडलेलं विकायचं कुठे? ब्रिटिश शिंपल्यांचं मुख्य गिऱ्हाईक युरोप. ‘ब’ दर्जाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ नसलेल्या, पाण्यातले जिवंत शिंपले शुद्धीकरणाशिवाय संघाबाहेरच्या देशातून आत घेत नाहीत. सदस्य असताना ते तसेच जायचे, शुद्धीकरण पलीकडे व्हायचं. इकडे तेवढ्या टाक्याच नव्हत्या. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या मे २०२५ च्या समझोत्यात युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यातला प्रवेश २०३८ पर्यंत वाढवून दिला.

टाचण

ब्रिटनकडे निदान स्वतःचा पौंड होता. समान चलनातल्या देशाला हे जमेल का?

रुपया_पौंड

फार कठीण. सार्वमताच्या रात्री पौंड दीड डॉलरच्या आसपासवरून १.३२ च्या घरात आला, १९८५ नंतरचा नीचांक. आयात महागली, पण बँका उघड्या राहिल्या. धक्का चलनाने झेलला.

युरोतल्या देशात तो धक्का थेट ठेवीदारांच्या रांगेत येतो. ग्रीसचं २०१५ आठवा. बाहेर पडण्याचा निर्णय झालाच नव्हता, नुसती शक्यता होती, तरी २९ जूनला बँका बंद कराव्या लागल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोंची मर्यादा आली. नवं चलन येणार आणि त्याची किंमत पडणार हे कळलं की प्रत्येक जण आधीच युरो काढून घेतो. म्हणजे तयारी उघडपणे करता येत नाही. आणि सार्वमत तर गुपचूप घेता येत नाही.

पुढचा पेच कर्जाचा. देशाच्या स्वतःच्या कायद्याखाली काढलेले रोखे संसद नव्या चलनात बदलू शकते. इंग्लिश कायद्याखाली काढलेले बदलता येत नाहीत, ते युरोतच फेडायचे. कंपन्यांचंही तेच: उत्पन्न नव्या चलनात, देणी जुन्या. शिवाय युरो सोडून संघात राहण्याची तरतूद करारांत नाही.

म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. एक वर्षाची मुदत पुरी होऊन २९ जानेवारी २०२५ ला ते इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघातून बाहेर पडले, पण सीएफए फ्रँकच्या चलनसंघात राहिले. तिघेही भूवेष्टित आहेत, माल शेजाऱ्यांच्या बंदरांतूनच येतो. राजकीय संघ सोडला, चलन आणि बंदराचा रस्ता राखला.

अपक्ष

@चिकित्सक, सीई खुणेचा मुद्दा मान्य. सँडईलचा तितकासा नाही, लवाद हा दोन्ही बाजूंनी नेमलेला असतो, संघाचं न्यायालय नव्हे.

ब्रिटनने वाटाघाटीत केलेली मोठी चूक मात्र कुणी नोंदवली नाही. कलम ५० ची (युरोपीय संघाच्या करारातलं बाहेर पडण्याचं कलम) नोटीस २९ मार्च २०१७ ला दिली, मुक्काम ठरायच्या आधी. नोटीस दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि मुदतवाढीला उरलेल्या सगळ्या देशांची एकमताने संमती लागते. म्हणजे वेळ सगळा समोरच्याच्या हातात. १९ जून २०१७ ला, बोलण्यांच्या पहिल्याच दिवशी, आधी सुटकेचा हिशेब, नागरिकांचे हक्क, आयर्लंड आणि नंतर व्यापार हा क्रम लंडनने कबूल केला. सुटकेचा हिशेब म्हणजे ३५ ते ३९ अब्ज पौंड असा तेव्हाचा अंदाज, त्यात युरोपीय कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा वाटाही होता. हातातलं मोठं पान तिथेच खाली पडलं. १९७३ पासून व्यापाराची बोलणी ब्रुसेल्स करत असल्याने लंडनमध्ये त्या कामाची अनुभवी माणसंही नव्हती.

बाहेर पडू पाहणाऱ्या देशाने नोटिशीआधी संसदेत मुक्काम मंजूर करून घ्यावा, वाटाघाटी करणारे आणि कस्टम्सचे अधिकारी भरती करावेत, तपासणी नाके बांधून ठेवावेत. ब्रिटनचे स्वतःचे आयात तपासणी नाके तयार नव्हते, म्हणून युरोपने १ जानेवारी २०२१ पासून तपासणी सुरू केली आणि ब्रिटनने प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ ला. तीन वर्षं ब्रिटिश निर्यातदार कागद भरत होता आणि युरोपीय निर्यातदार बराचसा मोकळा होता.

कलमदान (धागाकर्ता)

@अपक्ष, तयारीचा हा मुद्दा फार मोलाचा आहे. एक पुरवणी: नोटीस एकतर्फी मागे घेता येते असा युरोपीय न्यायालयाचा निकाल १० डिसेंबर २०१८ ला आला, म्हणजे नोटीस देऊन पावणेदोन वर्षं झाल्यावर. आधी माहीत असतं तर संसदेतली चर्चा वेगळी झाली असती.

बाहेर पडलेल्याला परत यायचं झालं तर काय, यावर कुणी लिहील का?

चिकित्सक

संघाच्या करारातलं कलम ४९. नव्या देशासारखाच अर्ज, प्रत्येक सदस्य देशाची मान्यता, प्रत्येकाला नकाराधिकार. जुनी जागा राखून ठेवलेली नसते. ब्रिटनला १९८४ पासून वर्गणीत मिळणारी सूट होती, युरो आणि शेंगेन (हद्दीवर पासपोर्ट तपासणी नसलेला भाग) यांतून कायमची सवलत होती. तिन्हींवर हक्क सांगता येणार नाही. त्यातली युरोची अट वेळकाढूपणाने टाळता येते: स्वीडनने २००३ च्या सार्वमतात युरो नाकारला आणि युरोआधीची पायरी असलेल्या विनिमयदर यंत्रणेत शिरायचंच टाळून क्रोना राखला आहे. पण वर्गणीतली सूट एकदा गेली की २७ अर्थमंत्र्यांपैकी कुणीही ती परत देईल असं मला दिसत नाही. म्हणून तुकड्यातुकड्याने परतणं चाललंय. संशोधनाच्या होरायझन कार्यक्रमात ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून परत आलं. अन्न आणि प्राणिजन्य मालाच्या नियमांवर मे २०२५ मध्ये जे ठरलं, त्यात ब्रिटनने युरोपचे नियम बदलतील तसे बदलत राहायचं आहे. ते लागू झालं की जकातनाका यांनी सांगितलेलं चीजचं सर्टिफिकेट जाईल, आणि नियम ठरवण्यात ब्रिटनला मत नसेल.